कोपऱ्यातली चिमूट

सिरसाळा,
३ फेब्रुवारी १९८७

चि. बंकट यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं कार्ड संक्रांतीला आलं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण काम. यंदा विहिरी जानेवारीतच तळाला गेल्या आणि टँकर सुरू झाले. इथल्या वाहतूक सोसायटीच्या चाळीस टँकरच्या सीटा नव्यानं भरायचं काम आमच्या महिला सोसायटीला मिळालं आहे. आम्ही चौदा जणी आहोत. पाऊस पडेपर्यंत पुरेल एवढं काम आहे, नाहीतर सगळ्यांना खडी फोडायला जावं लागलं असतं.

अडचण भरावाची आहे. वाहतूक सोसायटीचे चेअरमन भगवानराव म्हणतात, नायलॉनचा कापूस भरा. नाव कापसाचं, पण त्यात निम्मा कापूस आणि निम्मा नायलॉनसारखा धागा असतो, गिरणीतून पिंजून गठ्ठे येतात. हाताला मऊ लागतो, हलका आहे, दाबला तर परत वर येतो. आपल्या जिनिंगचा कापूस दोन वर्षांत बसतो, त्याचे गोळे होतात, तो उसवून पुन्हा पिंजावा लागतो. हे सगळं मला मान्य आहे.

तरी माझं मन कापसाकडं आहे. का, ते तुला ठाऊक आहे. तुझे दाजी पाठीमागं टाकीभर पाणी असताना केबिनमध्ये जळाले, हे लोकांनी सांगून सांगून गुळगुळीत केलं आहे. मला दुसरंच आठवतं. आंघोळ घालताना त्यांच्या पाठीवर काळं काहीतरी चिकटलेलं होतं. मी पाणी ओतलं, तेल लावलं. कातडी सुटली, पण ते सुटलं नाही. कापसाची राख पाण्यानं जाते, बंकट.

तू आपल्या अण्णांच्या हाताखाली वीस वर्षं सीटा भरल्यास. पाकिटात नव्या मालाची चिमूट घातली आहे. पेटवून बघ आणि तुझं मत लिही. बायका माझं ऐकतात, पण माझ्यामागं जाणत्या माणसाचा शब्द असला तर बरं.

तुझी अक्का

*

उमापूर,
१२ फेब्रुवारी १९८७

ति. अक्कास बंकटचा नमस्कार.

पत्र पोचलं. चिमूटही पोचली. माल चांगला आहे. मी म्हणेन, चेअरमन सांगतात तो भराव घ्या. कापूस विडीच्या ठिणगीनं पेटतो आणि आत धुमसत राहतो, वरून कळतसुद्धा नाही. नायलॉन एकदम पेट धरत नाही. ड्रायव्हर लोक दिवसभर विड्या ओढतात, हे तू जाणतेस. शिवाय यंदाचा कापूस आखूड आणि कचऱ्याचा. पाठीला गोळे लागतात, म्हणून ड्रायव्हर शिव्या देतात त्या आपल्यालाच.

दाजींचं जे झालं ते वायरीनं झालं. सीटखाली बॅटरी, वायर घासली आणि ठिणगी पडली. दरवाजा अडकला. त्यात भरावाचा काय दोष? दोन वर्षं झाली, आता ते उकरू नकोस. भगवानरावांशी वैर घेऊन त्या गावात राहणं सोपं नाही.

मी बरा आहे. हातात काम कमी आहे.

तुझा बंकट

*

सिरसाळा,
२ मार्च १९८७

चि. बंकट यास आशीर्वाद.

तुझं मत वाचलं. पटलं नाही, म्हणून सभेत ते सांगितलंही नाही.

सभा पंचवीस तारखेला झाली. भगवानराव स्वतः आले होते, बरोबर त्यांचा गोदामवाला बद्रीनाथ. मी मधोमध लोखंडी घमेलं ठेवलं, त्यात एका बाजूला जिनिंगचा कापूस आणि एका बाजूला त्यांचा माल, आणि काडी लावली. कापूस भडकला आणि त्याची राख झाली. फुंकली तर उडाली. दुसऱ्याचं काळं पाणी झालं आणि ते बुडबुडत जळत राहिलं.

भगवानराव म्हणाले, "कापूसबी जळलाच की, अक्का."

मी म्हणाले, "जळला. पर झटकला तर पडतो."

"आवो, ड्रायव्हरला सीटवर बसायचंय. तुमी तर सरण रचायला बसल्यासारखं लाकडाची पारख करायल्या."

माणसं हसली. माझ्यापुढं सरणाचं बोलून हसली. मी चिमट्यानं नायलॉनचा पेटता गोळा उचलला आणि डाव्या मनगटावर धरला. एक थेंब पडला. मी हात झटकला, पदरानं पुसला, पाण्यात घातला, सगळं त्यांच्यासमोर. तो आत जळत गेला. छबुबाई ओरडली, "कावून असं करायली गं बाई!" पण मला तेच दाखवायचं होतं. नंतर हात वर करा म्हटल्यावर चौदाच्या चौदा जणींनी कापसाला हात वर केला. वाहतूक सोसायटीनं तरीही आपलाच माल धाडायचा असं ठरवलं आहे, पण आम्ही तो भरणार नाही.

आता दुसरी गोष्ट. ही मी कुणाला सांगितलेली नाही. दाजींच्या टँकरची सीट तुझ्या दुकानातून भरून आली, तेव्हा इथं ती मीच पास केली होती. अण्णांनी शिकवलं तसं, जिथं शेवटची शिवण येते त्या कोपऱ्यातून चिमूट काढली आणि पेटवली. राख झाली. तो कापूस होता, माझ्या बोटांनी पाहिला. मग पाठीला चिकटलं ते काय? दोन वर्षं मी हाच हिशेब लावते आहे आणि उत्तर एकच येतं. पास झालेली सीट दोन दिवस बद्रीनाथच्या गोदामात होती. त्यानं ती बदलली. चांगली सीट दुसऱ्या कुणाच्या गाडीला गेली आणि ह्यांना मिळाली नायलॉनची.

मी त्याला विचारणार आहे.

तुझी अक्का

*

उमापूर,
९ मार्च १९८७

ति. अक्कास नमस्कार.

हात जोडून सांगतो, बद्रीनाथवर आळ घेऊ नकोस. सीट कुणी बदलली असेल असं मला वाटत नाही. तो गोदामाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस, त्याला सीटमधलं काय कळतं? विचारू नकोस. मनगटाला खोबरेल लाव. मी सवड काढून येतो, तोवर गप्प राहा.

बंकट

*

सिरसाळा,
२० मार्च १९८७

चि. बंकट यास,

तू आला नाहीस. भगवानरावांना भितोस, हे तुझ्या पत्रावरून कळलं. तुला दोष देत नाही.

जे झालं ते क्रमानं लिहिते. सोमवारी भर दुपारी बद्रीनाथ गाडीत नायलॉनचे गठ्ठे घालून शेडवर आला. छबुबाई दारात आडवी झाली. "आमी ठराव केलाय. माल म्हागं न्या," म्हणाली. त्यानं तिला ढकललं. मारलं असं मी म्हणणार नाही, ढकललंच. ती मशीनच्या लोखंडी चाकावर पडली आणि कपाळ फुटलं. डोळ्यात रक्त उतरलं, तिला वाटलं डोळाच गेला, म्हणून ती किंचाळत होती.

मी सीट शिवत बसले होते. बद्रीनाथ तिला उठवायला वाकला आणि तोल सांभाळायला त्यानं माझ्यापुढच्या लाकडी चौकटीवर हात टेकला. मी विचारलं, "ह्यांची सीट कुठं गेली?"

"कंची सीट?"

"मी पास केलेली."

तो हसला. आता वाटतं, गोंधळून हसला असेल. तेव्हा तसं वाटलं नाही. माझ्या हातात दाभण होतं, वीतभर लांब, तरटातून दोर ओढायचं. ते मी त्याच्या पंज्यात घातलं. आरपार जाऊन खालच्या लाकडात रुतलं. रोज चौकटीला तरट ठोकणारा हात आहे, किती जोर लावायचा ते त्याला सांगावं लागत नाही. बद्रीनाथ चौकटीला खिळून उभा राहिला आणि आईला हाका मारू लागला. त्याला सोडवायला दोघी लागल्या.

मी एक दिवस चौकीत होते. नंतर जामीन झाला. त्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. दोन बोटं पुन्हा मिटणार नाहीत म्हणतात. भगवानरावांनी निरोप धाडला आहे: नायलॉन घ्या, मी बद्रीनाथला तक्रार मागं घ्यायला लावतो. पंधरवड्यात उत्तर द्यायचं आहे.

खरं लिहिते, दाभण लाकडाला लागलं तेव्हा मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

अक्का

*

उमापूर,
२७ मार्च १९८७

अक्का,

हे पत्र चारदा फाडलं. आता फाडत नाही.

सीट कुणी बदलली नाही. बद्रीनाथनं तिला हातही लावला नव्हता. तुझ्याकडं आली तीच सीट दाजींच्या टँकरला बसली. आणि तू चिमूट काढलीस तीही कापसाचीच होती, तुझ्या बोटांची चूक नाही.

त्या वर्षी मी टँकरच्या बारा सीटा भरल्या. कापूस पुरत नव्हता. गेवराईच्या बाजारात नायलॉनचा माल नवा आला होता, तो घेतला. पण तो कोपऱ्यात थांबत नाही. कितीही कोंबला तरी फुगून बाहेर येतो, कोपरा गोल होतो. म्हणून बारा सीटांच्या चारी कोपऱ्यांत कापूस ठासला आणि मधे तो माल भरला. तुला फसवायला कोपरे भरले नव्हते. कोपरा नीट यावा म्हणून भरले. पण तू चिमूट कुठून काढतेस ते मला माहीत होतं. तू पास केलीस तेव्हा मी गप्प बसलो.

अजून एक लिहायचं राहिलं आहे. दाजींची कंबर दुखायची. त्याच्या आदल्या दिवाळीत आले तेव्हा म्हणाले होते, "बंकट, सीट हाय का दगड?" म्हणून त्यांच्या सीटेला मी सगळ्यांत जास्त माल भरला. पाठीच्या बाजूला दुप्पट. मऊ लागावं म्हणून.

तू अंत्यविधीनंतर पाठीचं सांगितलंस तेव्हाच मला कळलं. घरी येऊन उरलेला माल पेटवून पाहिला. तेव्हापासून मी त्या मालाची बाजू घेत आलो. गिऱ्हाइकाला, तुला, सगळ्यांना सांगत आलो की तोच चांगला. तो वाईट म्हटला की पुढचं बोलावं लागलं असतं.

बद्रीनाथचा हात माझ्यामुळं गेला. मला काय करायचं ते सांग. तू सांगशील ते करतो.

बंकट

*

सिरसाळा,
१२ एप्रिल १९८७

बंकट,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी काही केलं नाही. सीटा शिवल्या. दुसऱ्या दिवशीही शिवल्या.

तिसऱ्या दिवशी, जिथं टँकर पाणी भरायला रांगेत उभे असतात तिथं गेले आणि ड्रायव्हरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं वाचलं, तुझ्या नावासकट, तुझ्या गावासकट. मोठ्यानं वाचायची मला सवय नाही, दोनदा अडखळले. "मऊ लागावं म्हणून" इथं थांबले, पण तेही वाचलं. तुला न विचारता वाचलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, किंवा हो म्हणाला असतास, आणि दोन्हींत मला वेळ घालवायचा नव्हता.

एका ड्रायव्हरनं चाकू काढून स्वतःच्या गाडीची सीट मधोमध फाडली आणि आतला भराव काडीनं पेटवला. कुणी तुला शिव्या दिल्या, कुणी मला. एकानं माझ्यावर दगड मारला, खांद्याला लागला. "पास तूच केलती ना गं!" म्हणाला. त्याचं खरं आहे. संध्याकाळच्या आत चाळीसही ड्रायव्हरांनी सांगून टाकलं की नायलॉनच्या सीटेवर बसणार नाही. भगवानराव काय करणार? त्यांना कापूस मान्य करावा लागला. आमच्याकडं आता चिमूट मधून काढतात. शिवण मारायच्या आधी, हात कोपरापर्यंत आत घालून.

मग मी बद्रीनाथच्या घरी गेले. तो ओसरीत बसला होता, हाताला पट्टी. त्याची आई तुळजाबाई शेजारी भाकरीचं पीठ मळत होती. मी त्याला सांगितलं की सीट तू बदलली नव्हतीस, मी चुकले.

"म्हंजी हे उगंच झालं?" आणि त्यानं पट्टीचा हात वर केला.

"हो."

"उगंच?"

त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. ओठ दातावर फाटला. परत मारली. मी उठले नाही. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तुळजाबाई पिठाच्या हातानं मधे आली. "बास झालं बे आता," त्याला म्हणाली. आणि मला म्हणाली, "तू जा. च्या पाजायला मला जमणार न्हाई."

भगवानराव आता तक्रार मिटवू म्हणत नाहीत, आणि मलाही मिटवायची नाही. तारीख लागेल तेव्हा मी कोर्टात हो म्हणणार आहे.

तुझं काय करायचं ते विचारलंस. तू बारा सीटा भरल्यास. एक जळाली. उरलेल्या अकरा टँकरमध्ये या उन्हात अकरा माणसं बसली आहेत. काही गाड्या विकल्या गेल्या. कुठं, ते वाहतूक सोसायटीतून लिहून घेतलं आहे, सोबत जोडलं आहे. जा आणि एकेक सीट फाडून कापूस भर. ड्रायव्हरला आधी सांग की का फाडतोस, कुणी भरली होती आणि काय झालं. न सांगता फाडलीस तर मला पुन्हा लिहू नकोस.

शिवकन्या

*

शिरूर कासार,
१ मे १९८७

अक्का,

नऊ झाल्या. प्रत्येकाला आधी सांगितलं.

पहिले दोघं माझ्या ओळखीचे, ते नुसते थुंकले. तिसऱ्यानं पाणी पाजलं आणि सीट फाडायला हात लावला. चौथा उमापूरच्या अलीकडचा, तो सिरसाळ्याहून बातमी ऐकूनच बसला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानं टायरचा पाना माझ्या खांद्यावर घातला, मग बरगडीत. त्याचा भाऊ दाजींबरोबर गाडीवर होता म्हणे, दाजींना ओढून काढताना त्याचे दोन्ही तळहात भाजले. मला ते माहीतच नव्हतं. त्यानं मारून झाल्यावर मी त्याची सीट भरली. तो समोर पाना घेऊन उभा होता. मधली चिमूट काढून त्याला पेटवून दाखवली. "नीघ," म्हणाला.

पुढच्या पाच एका हातानं भरल्या. काल इथली नववी झाली. सांगून झाल्यावर ड्रायव्हर हसायला लागला. दुष्काळात गाव मोकळं झालंय, अर्धी माणसं ऊस तोडायला गेली ती परतली नाहीत, आणि तू सीटेतला कापूस मोजत फिरतोस, म्हणाला. तो हसला ते मारापेक्षा वाईट लागलं.

दोन राहिल्या. आष्टीकडं कड्याच्या रस्त्यावर चालतात, एकाच मालकाच्या. खांद्याचं हाड मोडलंय, इथल्या डॉक्टरनं बांधलं. दाभण धरता येतं, पण ओढता येत नाही. पंधरा दिवसांनी जातो.

तू माझं पत्र वाचून दाखवलंस त्याचा राग आला होता. पाना बसला तेव्हाही होता. आता नाही.

माफीबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस.

बंकट

*

सिरसाळा,
५ मे १९८७

बंकट,

पंधरा दिवस थांबायचं नाही. तुझं हाड बसेपर्यंत ते दोघं गाडी उभी करून ठेवणार नाहीत. बेचाळीस डिग्रीचं ऊन आहे, खाली बॅटरी आहे.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी बीडला येते, तिथून आष्टीची गाडी. तू बीडच्या स्टँडवर थांब. चौकीत कळवलं आहे, दोन दिवस जायला हरकत नाही म्हणाले. जिनिंगचा कापूस आणते, छबुबाईनं स्वतः पिंजून दिला आहे, कपाळावरची खूण अजून लाल आहे तिच्या. दाभण मी ओढते. बोलायचं काम तुझं, ते मी करणार नाही. "भरली मी" हे तू म्हण. त्याच्यापुढं "पास मी केली" हे मी म्हणते.

माफीचं विचारलंस. माझ्याकडं नाही. दोन सीटा झाल्यावर असेल असं धरून चालू नकोस. तुझे दाजी असते तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं, आणि तेवढ्यासाठी मला ते हवे आहेत.

मालक रागीट असला तर असू दे. या वेळी मार पडायचा तर दोघांना पडेल. तुझा दुसरा खांदा शाबूत आहे ना? कापसाचं गाठोडं त्यावर घ्यायचं आहे.

अक्का